फुईचा नवस आणि जिप्सीचा गेअर

हितेंद्रभाऊंना गाडी हळू चालवायची होती. एवढंच. जगात कुणाचं काही वाकडं व्हावं असं या इच्छेत काहीही नव्हतं. तरी तिच्यापायी त्यांना एकदा पोलीस चौकीत बसावं लागलं, एका सरकारी कार्यालयात स्वतःच्या डोक्याविषयी शंका ऐकून घ्यावी लागली, आणि महामार्गावर एका ट्रॅक्टरने त्यांना हॉर्न देऊन मागे टाकलं तेव्हा ट्रॉलीतल्या शेळीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. बाकी सगळं ते पुढे विसरले. शेळी मात्र विसरले नाहीत.

या साऱ्याच्या मुळाशी होती फुई. फुई म्हणजे त्यांची आत्या, भिकुबाई. वय ऐंशीच्या आसपास. नक्की वय विचारलं तर "मोठा पूर उना तवय मी सासरी व्हती" असं सांगायची आणि कुठला पूर ते सांगायची नाही. हितेंद्रभाऊ तान्हे असताना त्यांना असा ताप भरला की डॉक्टरांनीही मान हलवली. आई स्वतः दवाखान्यात, वडील परगावी, आणि पोर फुईच्या मांडीवर डोळे फिरवत होतं. तेव्हा फुईने शिरपूरपलीकडच्या डोंगरातल्या खडकाईला हात जोडले. माय, एवढं पोर वाचव, मी पायी तुझा डोंगर चढून येईन आणि त्याला तुझ्या पायावर घालीन.

पोर वाचलं. इतकं व्यवस्थित वाचलं की आज त्याचं पोट स्टिअरिंगला टेकतं. नवस मात्र राहून गेला. कधी लग्नसराई आली, कधी कापूस वेचायचा राहिला, कधी घरात सुतक आलं, मग ती सगळं जग घरात बसवणारी साथ आली, आणि दर वर्षी फुई म्हणत राहिली की पुढल्या चैत्रात नक्की. तेवढ्यात तिचे गुडघे गेले. हितेंद्रभाऊंच्या आयुष्यात आजवर जे काही बिघडलं त्याचा हिशोब फुई या नवसाशी लावायची. ते बीएस्सीला नापास झाले ते त्यामुळे. स्कूटर चोरीला गेली ती त्यामुळे. कॉलेजात ते प्राध्यापक न होता भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक झाले आणि डोक्यावरचे केस एकेक करून निघून गेले, तेही त्यामुळेच. हितेंद्रभाऊ वरवर हसायचे, पण आतून त्यांना ते लागायचं. आपण कुणाच्या तरी अपुऱ्या शब्दावर जगतोय, असं त्यांना अधूनमधून वाटायचं.

या वर्षी फुई अंथरुणाला खिळता खिळता राहिली, आणि उठल्यावर पहिलं वाक्य म्हणाली ते असं: "हित्या, आते पुढला चैत्र माले काय दिखत नही. याच चैत्रमा जानं शे."

"डोली करू," हितेंद्रभाऊ म्हणाले. "चार माणसं सांगतो."

"चार जनस्ना खांदावर मी एकच डाव जासू. आते नही."

"मग चालणार कशी? घरातसुद्धा भिंत धरून फिरतेस."

"तेच तर! घरमा भित शे, धरी धरी चालस. डोंगरवर भित कोठून आनू?"

शेवटी खडकाईच्या उखर्डू भगतांना फोन लावला. गाडी चालेल का, विचारलं. भगत म्हणाले, आईला विचारून सांगतो. देवीने बहुधा प्रकरण नीट अभ्यासलं असावं, कारण उत्तर यायला बरेच दिवस लागले. उत्तर आलं ते मात्र पक्कं होतं. "गाडी चाली. पन पायी चालनारास्ना पुढे जावाले नको. जो पायी चालनारास्ना मांगे मांगे येस, तो पायीच उना, आसं आई म्हनस."

हितेंद्रभाऊंना हा निकाल फार सोपा वाटला. डोंगराची वाट दगडगोट्यांची, म्हणून त्यांनी चारही चाकांना जोर असलेली एक जुनी जिप्सी घेतली. त्यांच्या बायकोला, ज्योत्स्नावहिनींना, थंड हवेची नवी गाडी हवी होती. त्या शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे त्या वाद घालत नाहीत, फक्त उत्तर चुकलंय असं तोंड करतात. गाडी दारात आली तेव्हा त्यांनी तसं तोंड केलं.

गाडीची पहिली परीक्षा रेल्वेच्या उड्डाणपुलावर झाली. वहिनी पुढे चालत होत्या आणि हितेंद्रभाऊ त्यांच्या मागे मागे, पहिल्या गेअरमध्ये, क्लच अर्धा दाबून. चढ संपायच्या आत गाडीतून असा वास सुटला की पुलाखालच्या भजीवाल्याने आपली कढई उतरवून पाहिली. क्लच जळला. चालणाऱ्या माणसाच्या मागे चढावर रांगायला ही गाडी जन्मलीच नव्हती. रांगायचं तर गेअरच खाली उतरवायला हवा होता.

आता गेअर खाली उतरवणं म्हणजे काय, हे हितेंद्रभाऊंनी संध्याकाळी ओट्यावर जमलेल्या मंडळींना सायकलवरून समजावलं. सायकलची पुढची चकती लहान आणि मागची मोठी केली, तर पाय भराभर मारावे लागतात पण चढ आरामात चढतो. तसंच गाडीचं. याचे मार्ग दोन. एक, पुढच्या आणि मागच्या प्रत्येक आसाच्या मध्यभागी असलेल्या गोळ्यात जे दातेरी चाक असतं, ज्याला गॅरेजवाले क्राउन-पिनियन म्हणतात, ते बदलायचं. पण मग गाडी सपाटीवरही कायमची मंद होते. दुसरा मार्ग, चारही चाकांचा जोर वाटणारी जी पेटी असते तिच्यातले आतले दात बदलायचे. म्हणजे गेअरच्या दांड्याशेजारची छोटी काठी ओढली की गाडी रांगेल आणि सोडली की बहुतेक पूर्वीसारखी पळेल.

"दुसरा मार्ग बरा वाटतो," ज्योत्स्नावहिनी म्हणाल्या.

त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, कारण जीवराम नाना बोलायला लागले होते. नाना एसटीतून निवृत्त झालेले चालक. त्यांच्या मते गेअर ही गोष्टच मुळात भित्र्या माणसांसाठी केलेली होती. "मी तोरणमाळच्या घाटात गाडी नेली, तेव्हा तिला तिसरा गेअर पडतच नव्हता. काय अडलं?" शेजारचे रतिलालभाऊ आयुष्यभर तेलाच्या मिलमध्ये होते, म्हणून त्यांचा सगळा भरवसा तेलावर. "जाडं तेल टाका. जाड्या तेलात काहीही हळूच फिरतं." हितेंद्रभाऊंनी ते हसण्यावारी नेलं, आणि नंतर एकट्याने बराच वेळ त्याचा विचार केला.

दुसऱ्या मार्गाचे दात परराज्यातून मागवावे लागणार होते आणि कधी येतील याचा भरवसा नव्हता. हितेंद्रभाऊंनी मागवून ठेवले. पण आधी एक शास्त्रीय प्रश्न सोडवायचा होता. पायी चालणारी बाई नेमकी किती हळू चालते? ते माहीत नसेल तर गेअर किती खाली न्यायचा हे कसं ठरवणार? प्रयोगशाळेत जन्म गेलेला माणूस अशी गोष्ट अंदाजाने करत नाही. म्हणून त्यांनी पहाटे कॉलनीबाहेरच्या रस्त्यावर फिरायला येणाऱ्या बायकांचा वेग मोजायचं ठरवलं. नवा क्लच टाकलेली जिप्सी घेऊन, काच खाली करून, हातात स्टॉपवॉच धरून ते बायकांच्या एका घोळक्याच्या मागे मागे जाऊ लागले.

त्यांचा हेतू गंगेसारखा शुद्ध होता. पण हेतू गाडीच्या बाहेरून दिसत नाही. चौथ्या दिवशी एका बाईने मागे वळून फोन केला आणि हितेंद्रभाऊ चौकीत हजर झाले.

"बायकांच्या मागे गाडी कशाला फिरवता?" हवालदार म्हणाले.

"वेग मोजत होतो."

"बायकांचा?"

"देवीसाठी," हितेंद्रभाऊ म्हणाले, आणि आपण प्रकरण सुधारत नाही आहोत हे त्यांना स्वतःलाच कळलं.

सोडवायला ज्योत्स्नावहिनी आल्या. त्यांनी सगळी हकीकत फुईपासून सुरू करून सांगितली, आणि हवालदारांच्या आईचाही एक नवस राहिलेला निघाला, म्हणून सुटका झाली. गाडीत बसल्यावर वहिनी फक्त एवढंच म्हणाल्या, "सपाट रस्त्यावर पोट कमी करायला चालणारी बाई आणि डोंगर चढणारी बाई, यांचा वेग सारखा असतो का?" हितेंद्रभाऊ दुखावले होते. दुखावलेल्या माणसाला बरोबर बोलणं ऐकू येत नाही.

मग परवानगीचा भाग. गाडीत बदल करायचे तर विचारून करावेत, असं हितेंद्रभाऊंचं तत्त्व. ते ज्या सरकारी कार्यालयात गेले त्याचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या साहेबांची काहीच चूक नव्हती. साहेबांनी सवयीने नकारासाठी पेन उचललं होतं. "वेग वाढवायला बंदी आहे."

"वाढवायचा नाही साहेब. कमी करायचाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला, पुसला, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलावून घेतलं. असा अर्ज आजवर आलाच नव्हता. दोघांनी मिळून बरीच पुस्तकं चाळली. शेवटी साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?" पुढे तपासणी झाली, शिक्का बसला, तोवर होळी होऊन गेली होती.

मागवलेले दात अजून आले नव्हते आणि चैत्र पुढ्यात येऊन ठाकला होता. तेव्हा हितेंद्रभाऊंनी पहिला मार्ग धरला. धुळ्याला पारोळा रोडवर तोताराम मिस्तरींचं गॅरेज. तोताराम हा आत्मविश्वासाने भरलेला माणूस. गाडीचा कुठलाही भाग दाखवा, तो म्हणायचा, "हा तर काहीच नाही." त्याने एका जुन्या मालवाहू टेम्पोतलं जाडजूड क्राउन-पिनियन शोधून काढलं. मागच्या आसाचं मिळालं, पुढच्याचं मिळेना. तेव्हा सोबत आलेल्या जीवराम नानांनी निर्णय दिला. "पुढच्याचं कशाला? बैलगाडीत वजन कुठे असतं? मागे. जोर कुठे लागतो? मागे. पुढची चाकं काय, वळायला असतात."

"बरोबर बोलले नाना," तोताराम म्हणाला. "पुढचं तर काहीच नाही."

हितेंद्रभाऊंना यात काहीतरी खटकत होतं. पण समोर दोन माणसं इतकी एकमताने बोलत असली की त्यांना आपलंच शिक्षण उगाच वाटायला लागतं. मागचंच बदललं.

दुसऱ्या दिवशी बोरी नदीच्या कोरड्या पात्रात चारही चाकांचा जोर लावून बघायचं ठरलं. निम्मी कॉलनी काठावर उभी. फुई खुर्ची टाकून बसलेली. हितेंद्रभाऊंनी छोटी काठी ओढली आणि क्लच सोडला. पुढची चाकं निघाली पळत, मागची निघाली चालत. एकाच गाडीत दोन मतं झाली. पुढच्यांना नदी ओलांडायची होती, मागच्यांना काहीच घाई नव्हती, आणि या भांडणात गाडी जागच्या जागी वाळू उपसत पोटापर्यंत खाली गेली. रतिलालभाऊ काठावरून तेलाविषयी काहीतरी ओरडले. शेवटी एका बैलजोडीने जिप्सी बाहेर काढली. बैलवाला जाताना म्हणाला, "भाऊ, मना बैल बी चार पायना शेतस, पन बठ्ठा पाय एकाच गावले जातस."

फुई हसली नाही. ती खुर्चीत बसून पात्राकडे बघत होती. घरी गेल्यावर म्हणाली, "राहू दे हित्या. देवी समजी लेई." ती हे अगदी सहज म्हणाली. फुईने आजवर त्यांना खूप बोलून घेतलं होतं, पण माघार कधी घेतली नव्हती. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, डोंगर चढायचाच.

मग त्यांनी रजा टाकून पुढच्या आसाचं क्राउन-पिनियन धुंडाळलं. धरणगावला मिळालं, तोतारामने बसवलं. त्याची सूचना होती की नवे दात रुळेपर्यंत काटा पन्नासच्या पुढे न्यायचा नाही. ती पाळत हितेंद्रभाऊ महामार्गाने सोनगीरपर्यंत गाडी फिरवून आणायला निघाले. काटा पन्नासवर, इंजिन किंचाळतंय, आणि तेव्हा तो ट्रॅक्टर मागून आला. पन्नासने जाणाऱ्या गाडीच्या पुढे ट्रॅक्टर कसा जातो याचा हितेंद्रभाऊ विचार करत होते, तेवढ्यात शेळीने वळून पाहिलं. मागून उलगडा झाला. आसाचे दात बदलले, पण वेगाच्या काट्याला ते कुणी कळवलं नव्हतं. चाकं पूर्वीपेक्षा हळू फिरत होती आणि काटा आपला जुन्याच हिशोबाने फुशारक्या मारत होता.

आणि अशा वेळी ते परराज्यातले दात येऊन पोहोचले.

आता त्यांची गरज नव्हती. एक मार्ग निवडल्यावर दुसरा सोडायचा असतो. पण मागवलेली वस्तू पडून राहावी हे हितेंद्रभाऊंना पाहवेना, आणि तोताराम म्हणाला की ते बसवणं तर काहीच नाही. बसवले. खाली नेलेला गेअर आणखी खाली गेला. छोटी काठी ओढून पहिला गेअर टाकला की जिप्सी इतकी सावकाश निघायची की ती निघाली आहे हे खात्रीने सांगायला शेजारी एखादा खांब लागायचा. क्लच दाबायचं कारण नाही, ब्रेकचं कारण नाही. ॲक्सिलरेटरवरचा पायसुद्धा काढून घेतला तरी गाडी आपली शांतपणे, कुणाचं काही न ऐकता, पुढे सरकत राहायची. "हाई गाडी नही," फुई म्हणाली, "हाई सासूबाई शे." पण ती खूश दिसली, आणि तिने ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढून उन्हात घातलं.

चैत्री पौर्णिमेला उजाडता उजाडता ते पायथ्याशी पोहोचले. ऊन चढायच्या आत वर जायचं म्हणून माणसांची रांग लागली होती. बायका डोक्यावर नैवेद्याच्या टोपल्या घेऊन गाणी म्हणत चढत होत्या. हितेंद्रभाऊंनी छोटी काठी ओढली. फुई डावीकडे पुढे बसलेली, ज्योत्स्नावहिनी गाडीच्या पुढे पायी. जिप्सी दगडांवर चाक अलगद ठेवत, अलगद उचलत निघाली. फुईच्या कंबरेला एक हिसका नाही. मागून आलेले सगळे पुढे जात होते, म्हातारे गेले, कडेवर पोर घेतलेल्या बायका गेल्या, आणि प्रत्येक जण पुढे गेला की हितेंद्रभाऊंचा ऊर भरून येत होता. आजवर कुणी मागे टाकलं की त्यांना वाईट वाटायचं. आज ते मान लववून वाट देत होते.

"देख फुई, सगळे पुढे," ते म्हणाले.

"व्हय रे भाऊ," फुई म्हणाली. ती खिडकीतून प्रत्येकीला विचारत होती, कोणतं गाव, कोणाची लेक, काय बोललीस देवीला.

अर्ध्या वाटेवर, जिथे चढ उभा होतो आणि एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला उतार, तिथे पुढे एक म्हातारी दिसली. काठी टेकत चाललेली. दोन पावलं टाकायची, थांबायची, काठीवर हनुवटी ठेवायची, डोंगराकडे बघायची, मग पुढची दोन पावलं. जिप्सी तिच्यामागे जाऊन पोहोचली.

हितेंद्रभाऊंनी पाहिलं. त्यांच्याकडे याहून खालचा गेअर नव्हता. अख्ख्या जिल्ह्यात नसावा. कॉलनीबाहेरच्या रस्त्यावर पोट कमी करणाऱ्या बायकांच्या वेगावर बेतलेला सगळा हिशोब त्या काठीपाशी येऊन संपला. त्यांनी ब्रेक दाबला. गाडी उभ्या चढावर थांबली. म्हातारी दोन पावलं गेली, यांनी गाडी सोडली, हिसका बसला, लगेच पुन्हा थांबले. फुईने ओठ आवळून कंबर धरली. मागून पाण्याची टाकी घेऊन येणारा ट्रॅक्टर हॉर्न वाजवायला लागला.

खडकाच्या बाजूला एवढीशी जागा होती. चाक थोडं खडकावर चढवलं तर गाडी म्हातारीच्या पुढे काढता आली असती. नंतर कुणाला काय कळणार होतं? हितेंद्रभाऊंचा हात स्टिअरिंगवर जरासा वळला.

"हित्या," फुई म्हणाली. "नही."

हात सरळ झाला. ते उतरून म्हातारीकडे गेले. तिचं नाव कमलबाई, धरणगावकडच्या एका खेड्यातली. "अक्का, गाडीत बसता का? मागे जागा आहे."

"कशी बसू भाऊ?" कमलबाई म्हणाली. "मना नवस पायीना शे."

हितेंद्रभाऊ परत येऊन गाडीत बसले. मागे ट्रॅक्टरवाला काय काय बोलत होता. इतका खटाटोप, चौकी, कार्यालय, नदीतली वाळू, शेळी, सगळं करून अर्धा डोंगर. फुईचा नवस अर्ध्या डोंगरावर. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवायला उगाच आरसा नीट केला.

तेव्हा डावीकडचं दार उघडल्याचा आवाज झाला. फुई उतरत होती.

"फुई! कुठे चाललीस?"

"पायी." ती दोन्ही हातांनी दार धरून उभी राहिली. मग तिने एक हात खिडकीच्या काठावर ठेवला आणि गाडीच्या पत्र्यावरून दुसरा हात फिरवला, घरात भिंतीवरून फिरवते तसा. "कमलबाई, व माय! तू त्या बाजूले धर. काठी दी दे मना सूनले."

कमलबाईने आधी वर देवीच्या दिशेला, मग गाडीकडे पाहिलं आणि उजव्या बाजूने येऊन हितेंद्रभाऊंच्या खिडकीचा काठ धरला. ज्योत्स्नावहिनी हात पुढे करून फुईच्या मागे उभ्या राहिल्या.

"चालू कर," फुई म्हणाली.

जिप्सी निघाली. पाय कशावरच न ठेवता हितेंद्रभाऊ नुसतं स्टिअरिंग धरून बसले होते, आणि दोन्ही बाजूंना दोन म्हाताऱ्या, एकेक हात गाडीवर ठेवून, पाऊल टाकत होत्या. पाऊल चुकलं तर गाडी होती. दम लागला तर गाडीवर भार टाकता येत होता, आणि गाडी तो भार घेऊन तेवढ्याच सावकाशीने वर चढत होती. थांबायची कुणालाच गरज पडली नाही. कमलबाई, जी दोन पावलांवर थांबत होती, ती आता बोलत चालली होती. तिच्या सुनेविषयीची सगळी हकीकत हितेंद्रभाऊंना खिडकीतून ऐकायला मिळाली.

"हित्या!" फुई पलीकडून ओरडली. तिचा आवाज ओळखू येईना, इतका तरणा झाला होता. "हाई भित चालस रे! हाई भित चालस!"

मागच्या ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न बंद केला. वरून उतरणाऱ्या बायका हे बघून बाजूला झाल्या, मग त्यातल्या काही परत फिरल्या आणि गाणं म्हणत सोबत चढू लागल्या. मोकळी गाडी, आत एक टक्कल पडलेला, घामाने भिजलेला माणूस, आणि तिला धरून चाललेल्या दोन म्हाताऱ्या, अशी ती मिरवणूक खडकाईच्या दारात पोहोचली.

उखर्डू भगत पायरीवर उभे होते. त्यांनी वाकून गाडीत पाहिलं. "गाडीमा कोन बठेल व्हतं?"

"मी एकटा," हितेंद्रभाऊ म्हणाले.

"तुना काय नवस व्हता?"

"माझा काहीच नव्हता."

"मंग काय! नवसवाली पायीच उनी." भगतांनी निकाल दिला आणि फुईच्या कपाळाला कुंकू लावलं.

नवसाचा दुसरा भाग राहिला होता. पोराला पायावर घालायचं. हितेंद्रभाऊ म्हणाले, नमस्कार करतो ना वाकून. फुई म्हणाली, "वाकीसन नही. तान्हं पोऱ्या पायवर घालतस तसं." गाभाऱ्यासमोर माणसांनी गोल केला. इस्त्रीची पँट, कॉलेजात मिळालेलं घड्याळ, सुटलेलं पोट, या सगळ्यासकट भौतिकशास्त्राचे सहायक हितेंद्रभाऊ गार फरशीवर देवीच्या पायाशी आडवे झाले. एक बारकं पोर आईला म्हणालं, "हाई बाळ शे?" त्या क्षणी जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं हितेंद्रभाऊंना वाटलं.

मग त्यांचं लक्ष शेजारी गेलं. त्यांच्या तोंडासमोर फुईचे पाय होते. सुजलेले, धुळीने माखलेले, एका अंगठ्याला दगड लागून रक्त आलेलं. वर फुई देवीशी बोलत होती, शेजारणीशी बोलावं तशी.

"माय, भलता उशीर झाया. रागवू नको. हाऊ देख, तू दिधेल पोऱ्या. तवय तळहातइतला व्हता. आते देख कसा झाया."

हितेंद्रभाऊंना हसू आलं आणि त्याच हसण्यात ते रडायला लागले. कुणाच्या तरी शब्दावर आपण इतकी वर्षं जगलो, हे आता त्यांना ओझं वाटलं नाही. ते तसेच पडून राहिले, कारण उठायला नको वाटत होतं. शेवटी ज्योत्स्नावहिनींनीच हात दिला. त्यांच्या चेहऱ्यावर उत्तर चुकल्याचं ते तोंड नव्हतं.

उतरताना फुई गाडीत बसली, कारण उतरण्याचा नवस नव्हता. कमलबाईला पायथ्याशी तिच्या एसटीपाशी सोडलं, आणि फुईला सोनगीरचा तांब्याचा तांब्या घ्यायचा होता म्हणून गाडी महामार्गाला लागली. हितेंद्रभाऊंनी छोटी काठी सोडली.

"आते पळाव," फुई म्हणाली. "आते कोनी मांगे राहानं काम नही."

हितेंद्रभाऊंनी गाडी पळवली. इंजिन किंचाळायला लागलं, काटा ऐंशीवर गेला. गाडी प्रत्यक्षात किती जात होती ते त्यांना माहीत होतं, पण त्यांनी काट्यावर बोट ठेवून फुईला दाखवलं. "फुई, ऐंशी!"

"बाई बाई! कितली पळी राहिनी," फुई म्हणाली, आणि पदर सावरून वाऱ्यासमोर ताठ बसली.

तेवढ्यात मागून एक मोटारसायकल आली. तिघं बसलेले, मधल्याच्या मांडीवर गव्हाचं पोतं. बघता बघता ती जिप्सीच्या पुढे निघून गेली. हितेंद्रभाऊंनी फुईकडे चोरून पाहिलं.

फुईने त्या मोटारसायकलकडे शांतपणे बघून हात हलवला.

"जाऊ दे त्यासले," ती म्हणाली. "त्यासना नवस बाकी व्हई."